विरघळणारं शिल्प करायचंय? मग आधी एवढंच

पहिल्याच कामासाठी मेण, बर्फ, फळं, गंजकं लोखंड असं सगळं एकत्र घेऊ नका. कच्ची शाडू घ्या, आणि तिला संपवणारी एकच गोष्ट ठरवा: पाणी. मूठभर आकाराचे दोन गोळे करा. एक सावलीत पूर्ण वाळवा, दुसरा ओलसर ठेवा आणि दोन्ही पाण्यात सोडा. वाळलेला लवकर ढासळतो, कारण कोरडी माती पाणी झपाट्याने शोषते. कोसळण्याचा वेग तुमच्या हातात असतो, तो असा.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- आत तारेचा सांगाडा घालणं. माती वाळताना आकसते, तार आकसत नाही. तडे तिथेच जातात. छोट्या कामाला तार लागतच नाही.
- ऐनवेळी जीव खालीवर होऊन फेविकॉल किंवा वॉर्निश फासणं. मग ते ना टिकाऊ, ना नश्वर.
- घरात फळं किंवा चॉकलेट वापरणं. मुंग्या आणि उंदीर तुमच्या आधी ‘शिल्प’ संपवतात!

फोटो मात्र एकाच जागेवरून, ठरावीक अंतराने काढा.

उर्स फिशर या स्विस कलाकाराने २०११ च्या व्हेनिस बिनाले या कलाप्रदर्शनात जांबोलोन्या या सोळाव्या शतकातल्या शिल्पकाराच्या शिल्पाची मेणाची प्रतिकृती वाती लावून जळू दिली होती. तिचे फोटो क्रमाने बघा. शेवट कसा आखतात ते कळेल. साचे आणि मेण ओतकाम सध्या राहू द्या. दोन-तीन मातीकामं विरघळली की विचारा, सांगतो.