घरोघरी छतावर सोलर झालं तर ग्रिडला खरंच त्रास होतो का? आमचा इन्व्हर्टर भर दुपारी का बंद पडतो?

स्वच्छ ऊन असताना तुमचा इन्व्हर्टर ‘ग्रिड व्होल्टेज जास्त’ दाखवून थांबतो, आणि सोलर वाढलं की ग्रिड कोलमडेल असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. मी उपकेंद्रात काम करतो. या दोन्हींचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे.

तुमच्या डीपीवरच्या रोहित्राला बहुधा टॅप, म्हणजे व्होल्टेज थोडं वर-खाली करायची सोय, असते. लाइनच्या टोकाच्या घरात संध्याकाळी दिवे मंद होऊ नयेत म्हणून हा टॅप बऱ्याचदा चढवलेला असतो. पुरवठा बंद केल्याशिवाय हा टॅप हलवता येत नाही, त्यामुळे एकदा लावला की वर्षानुवर्षं तसाच राहतो. दुपारी गल्लीतल्या छतांवरची वीज उलट डीपीकडे निघाली की टोकाच्या घरातलं व्होल्टेज आणखी चढतं. 230 च्या 110 टक्के, म्हणजे 253 व्होल्ट ओलांडले की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत वेगळं व्हायचं असा नियम आहे. तुमचा इन्व्हर्टर बहुतेक तोच पाळतोय.

आता दुसरं टोक बघा. राज्यभरातल्या विजेच्या मागणी-पुरवठ्याचा मेळ घालणाऱ्या, ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात दिवसाचे 15-15 मिनिटांचे 96 भाग पाडून नियोजन चालतं. मोठे सौरप्रकल्प तिथे दिसतात, तुमचं छत दिसत नाही. दिसते ती फक्त उपकेंद्रावरची घटलेली मागणी. सूर्य कलला की तीच मागणी झपाट्याने वर येते, आणि कोयनेसारख्या झटपट सुरू होणाऱ्या जलविद्युत केंद्रांची गरज भासते.

जर्मनीत याचा मोठा धडा मिळाला. ग्रिडची फ्रिक्वेन्सी (एरवी 50 हर्ट्झ; वीज गरजेपेक्षा जास्त झाली की ती चढते) 50.2 हर्ट्झवर गेली की छतावरच्या सोलर संचाने बंद व्हायचं, असा तिथे नियम होता. संच थोडे होते तोवर ठीक होतं. पुढे ते इतके वाढले की सगळे एकाच क्षणी बंद झाले असते तर अख्ख्या युरोपचा राखीव साठा अपुरा पडला असता. शेवटी 2012 मध्ये आदेश काढून तीन लाखांहून जास्त जुन्या संचांची सेटिंग बदलायचं काम हाती घ्यावं लागलं. घरातल्या एका डब्याची सेटिंग थेट पारेषणाचा, म्हणजे मोठ्या ग्रिडचा प्रश्न होऊन बसली!

दक्षिण ऑस्ट्रेलियाचा मार्ग मला पटतो. तिथली वितरण कंपनी ग्राहकाला पर्याय देते: ग्रिडला वीज पाठवायची कायमची 1.5 किलोवॉटची मर्यादा घ्या, नाहीतर लाइनच्या स्थितीनुसार बदलणारी, 10 किलोवॉटपर्यंतची. बहुतेक वेळ लाइनवर जागा असतेच, मग ती वाया का घालवायची? माझं ठाम मत आहे की छतांना सूचना वितरण कंपनीमार्फतच जायला हवी. भार प्रेषण केंद्राने ‘एवढे मेगावॉट कमी करा’ म्हणावं, कुठल्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनवर) किती हे वितरणवाल्यांनी ठरवावं. कुठली डीपी आधीच तापलीय हे ऐरोलीत बसून कळणार नाही. उलट बाजूने, प्रत्येक फीडरवर किती सोलर आहे आणि उद्या ते किती वीज देईल याचा अंदाज वितरणने रोज वर कळवला पाहिजे. आपल्याकडे सर्वांत जास्त काम इथे बाकी आहे, आणि पीएम सूर्यघर योजनेमुळे छतं भराभर भरताहेत.

तुम्ही तूर्त एवढं करा. इन्व्हर्टरच्या ॲपमधून आठवडाभराची व्होल्टेजची नोंद काढा आणि ती जोडून वितरण कंपनीच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या. टॅप तपासायला आणि तिन्ही फेजवरचा सोलर सारखा वाटायला सांगा. गल्लीतली सगळी सिंगल फेज कनेक्शनं एकाच फेजवर असतील तर नुसत्या त्या बदलानेही बराच फरक पडतो. टॅप उतरवला तर संध्याकाळचं व्होल्टेजही मोजायला लावा, नाहीतर टोकाच्या घराची तक्रार येईल.