सेल्फीचा माग काढताना: शब्द टिपणाऱ्या मैत्रिणीला पत्र

प्रिय मैत्रिणी,
सप्रेम नमस्कार.

नव्या शब्दांची नोंद ठेवायची आणि सुरुवात ‘सेल्फी’पासून करायची, हे तू छान ठरवलंस. या शब्दाचा प्रवास तारखांसकट हाती लागतो. पोर्तुगीजांकडून आलेले ‘पगार’ नि ‘चावी’ मराठीत कसे रुळले, हे टिपून ठेवायला तेव्हा कुणी बसलेलं नव्हतं. या शब्दाच्या बाबतीत तू तिथे हजर आहेस.

पहिलं काम म्हणजे वस्तूचा इतिहास आणि शब्दाचा इतिहास वेगळे ठेवणं. १८३९ साली फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसने कॅमेऱ्यासमोर स्वतःच उभं राहून स्वतःचं छायाचित्र घेतलं. म्हणजे वस्तू पावणेदोनशे वर्षांहून जुनी. शब्दाचा आजवर सापडलेला पहिला लेखी पुरावा मात्र १३ सप्टेंबर २००२ चा, ऑस्ट्रेलियातला. दारूच्या नशेत पडून ओठ फुटलेल्या एका माणसाने त्या ओठाचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि फोकस नीट नसल्याबद्दल माफी मागत लिहिलं की हा सेल्फी होता. ऑस्ट्रेलियन इंग्रजीत शब्द तोडून शेवटी ‘ई’ लावायची सवय जुनीच आहे. बार्बेक्यूचं ‘बार्बी’ होतं, तसंच हे. त्या माणसाने शब्दाचा अर्थ सांगितलेला नाही, हे लक्षात घे. वाचणाऱ्यांना तो कळेल अशी त्याला खात्री होती, म्हणजे बोलण्यात तो आधीपासून असणार. म्हणून तुझ्या वहीत ‘शब्दाचा जन्म’ असं कधीच लिहू नकोस, ‘पहिला सापडलेला पुरावा’ असं लिही. उद्या कुणाला २००१ चा सापडला, तर नोंद खोटी ठरत नाही, फक्त तारीख मागे सरकते.

२००२ नंतर हा शब्द बरीच वर्षं जवळजवळ निपचित पडला होता. समोरचा कॅमेरा २००३ च्या फोनवरही होता, पण तो व्हिडिओ कॉलसाठी. जून २०१० मध्ये समोर कॅमेरा असलेला आयफोन ४ आला, ऑक्टोबरमध्ये इन्स्टाग्राम आलं आणि स्वतःचा फोटो काढून लगेच दाखवणं ही रोजची कृती झाली. रोजच्या कृतीला आटोपशीर नाव लागतं, ते तयार पडलेलंच होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘सेल्फी’ला वर्षाचा शब्द ठरवलं आणि वर्षभरात त्याचा वापर १७,००० टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं.

या आकड्याने भारावून जाऊ नकोस. १७,००० टक्के वाढ म्हणजे १७१ पट. आधी दर दहा कोटी शब्दांत एकदा येणारा शब्द १७१ वेळा येऊ लागला, तरी वाढ तेवढीच दिसते. मूळ संख्या लहान असली की टक्के फुगतात. तू मोजशील तेव्हा दर दहा लाख शब्दांमागे किती वेळा, असंच मोज आणि एकूण मजकूर किती होता तेही लिहून ठेव. ते नसेल तर दोन वर्षांची तुलना करता येत नाही.

ऑक्सफर्डच्या त्याच, २०१३ च्या निवडयादीत ‘बिटकॉइन’ होता आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसासाठी ‘श्मीट’ हाही होता. पहिला सर्वांच्या तोंडी आहे, दुसरा कुठे दिसत नाही. कोणता टिकेल याचा अंदाज बांधायला अमेरिकी भाषाभ्यासक ॲलन मेटकाफ यांनी २००२ साली पाच कसोट्या मांडल्या: शब्द किती वेळा येतो, तो खटकतो का, किती तऱ्हेचे लोक वापरतात, त्यातून नवी रूपं निघतात का आणि त्यामागची वस्तू टिकणारी आहे का. यातली चौथी कसोटी मराठीत सगळ्यात जास्त काही सांगते, त्यामुळे तुझा बराचसा वेळ तिच्यावरच जाऊ दे.

मराठीत आलेल्या नामाला लिंग घ्यावंच लागतं, विभक्तीला सामोरं जावं लागतं आणि एखादं क्रियापद पकडावं लागतं. ‘सेल्फी काढला’ आणि ‘सेल्फी काढली’ दोन्ही चालतात. पुल्लिंगामागे ‘फोटो’ उभा आहे, स्त्रीलिंगामागे शेवटची ‘ई’. कोण, कुठे, काय म्हणतं ते टिप आणि यातलं शुद्ध कोणतं याचा निवाडा सध्या करू नकोस, कारण भाषेने तो अजून केलेला नाही. क्रियापद पाहा: ‘काढणे’ आपण चित्रावरून फोटोला दिलं, फोटोवरून सेल्फीला. त्याच्या शेजारी ‘सेल्फी घेतला’ही वाढतंय. अनेकवचनात कुणी ‘चार सेल्फी’ म्हणतं, तर कुणी गाडी-गाड्यासारखं ‘सेल्फ्या’. पुढे ‘सेल्फीवेडे’ आणि लग्नाच्या हॉलमधला ‘सेल्फी पॉइंट’. २०१६ मध्ये मुंबई पोलिसांनी धोक्याच्या जागा ‘नो सेल्फी झोन’ म्हणून ठरवल्या, तेव्हा शब्द सरकारी वापरातही आला. अर्थही सरकलाय. नटाला ‘एक सेल्फी प्लीज’ म्हणणारा कित्येकदा फोन तिसऱ्याच्याच हातात देतो. असं वाक्य सापडलं की वेगळी खूण कर, अर्थ पसरल्याचा तो थेट पुरावा आहे.

आता चिठ्ठीचं, म्हणजे ज्या कागदाच्या तुकड्यावर तू वापराचं वाक्य टिपशील त्याचं. एका चिठ्ठीवर एकच वाक्य, ऐकलं किंवा छापलं असेल तसंच, चुकांसकट. खाली दिनांक, गाव, माध्यम, बोलणाऱ्याचं अंदाजे वय. नाव लिहू नकोस, त्याची गरज नाही. नवशिके नुसता शब्द टिपतात आणि महिन्याने त्यांना लिंगही सांगता येत नाही, कारण क्रियापद सोडून दिलेलं असतं.

संगणकावर शोधताना तीन ठिकाणी घात होतो. एक, नुसतं ‘सेल्फी’ शोधलंस तर हिंदी मजकूर मराठीत मिसळतो, लिपी एकच ना! म्हणून ‘सेल्फीचा’, ‘सेल्फीत’, ‘सेल्फीसाठी’ अशी मराठीच असू शकतील ती रूपं शोध. दोन, ‘ॲ’ हे अक्षर संगणकात निदान तीन तऱ्हांनी साठवलं जातं: एकसंध ॲ, अ-वर चंद्र आणि ए-वर चंद्र असलेलं ऍ. ‘ॲप’ मोजायचं तर तिन्ही शोधून बेरीज करावी लागते. तीन, ‘कॅमेऱ्यात’मधला ऱ्य कुणी ऱ वापरून लिहितं, कुणी साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. याकडे दुर्लक्ष झालं की अर्धा मजकूर मोजणीतून गळतो आणि शब्द प्रत्यक्षापेक्षा दुर्मीळ वाटतो.

‘सेल्फी’ला मराठी प्रतिशब्द सुचवावा का, असं तू विचारलंस. मला मराठी घडणीच्या शब्दांचं मनापासून प्रेम आहे, तरी इथे थांब असंच सांगेन. सावरकरांनी दिलेले ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ रुजले, कारण एक शब्द पालिकेच्या दारावर लागला, दुसरा चित्रपटाच्या श्रेयनामावलीत, आणि रोज वापरणारी यंत्रणा दोन्हींच्या मागे उभी राहिली. ‘भ्रमणध्वनी’ लेटरहेडवर छापला गेला, बोलताना मात्र आपण मोबाइलच म्हणतो, कारण तो प्रतिशब्द पोहोचेपर्यंत मोबाइल घराघरात होता. ‘सेल्फी’ला विभक्ती लागली, अनेकवचन मिळालं. आता ‘स्वप्रतिमा’ दिसली तर तिचीही चिठ्ठी कर, पण प्रचाराला लागू नकोस. प्रतिशब्द द्यायचाच असेल तर आज नुकत्या येत असलेल्या, अजून लिंगही न ठरलेल्या शब्दाला दे.

आणखी एक सावधगिरी. आपल्या कानावर काल आलेला शब्द कालचाच आहे असं वाटणं हा सर्वांनाच होणारा भ्रम आहे. नोंद पक्की करण्याआधी दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश दोन्ही उघडून पाहा. ‘नवा’ म्हणून टिपलेला एखादा शब्द तिथे वेगळ्याच अर्थाने बसलेला सापडेल. तसं झालं तर चिठ्ठी फाडू नकोस, जुना अर्थ तिच्या मागे लिही.

महिनाभराच्या चिठ्ठ्या झाल्या की पाठव. मोजणीचा तक्ता नंतर पाहू, आधी मूळ वाक्यं हवीत.

तुझा,
शब्दकोशाच्या कामातला एक ज्येष्ठ मित्र