सांवेरच्या शेतावर सेप्टिक टँक? आधी खड्डा खणा

दादा, इंदूरजवळच्या सांवेरच्या शेतावर सेप्टिक टँक केवढी बांधू, असं विचारलंत; पण टाकीच्या मापाची घाई नको. टाकी कुठलाही मिस्त्री बांधून देतो. पण तिच्यातून बाहेर पडणारं पाणी जिरणार कुठे, ते आपल्या माळव्याची काळी माती ठरवते.

उन्हाळ्यात ही माती भेगाळते. तेव्हा खड्ड्यात पाणी ओतलं की घटाघटा गायब होतं आणि आपण खूश! मीही मे महिन्यात असाच फसलो. श्रावणात माती फुगली आणि शोषखड्डा, म्हणजे टाकीचं पाणी जमिनीत जिरवायचा खड्डा, तोंडापर्यंत भरला. म्हणून शोषखड्डा जेवढा खोल घ्यायचा तेवढंच भोक खणा, बाजू खरवडून घ्या, पाणी भरून रात्रभर मुरू द्या. मापायचं दुसऱ्या दिवशी. पाणी 25 मिमी उतरायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला, तर तिथे शोषखड्ड्याचा नाद सोडा.

भूजलाची पातळी शेजारच्या विहिरीत बघा, तीही पावसाळा सरता सरता. मेमधली पातळी काही कामाची नाही. खड्ड्याचा तळ आणि पाणी यांत निदान दोन मीटर कोरडी जमीन हवी.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:
- विहीर किंवा बोअर शोषखड्ड्यापासून 18 मीटरच्या आत
- खाली काळा पत्थर (बेसॉल्ट) लागला की "पाणी जातंय ना" म्हणून समाधान. बेसॉल्टच्या फटींतून ते न गाळताच विहिरीत पोचतं!

पाइप, उतार वगैरे नंतर बोलू. आधी एक खड्डा खणा आणि किती फुटांवर मुरूम लागला ते कळवा.