शिडाच्या नौकेवरून मेक्सिको : वाचकांचे प्रश्न

मेक्सिकोचा पश्चिम किनारा आणि बहा कॅलिफोर्निया द्वीपकल्प व मुख्य भूमी यांमधला समुद्र, म्हणजे सी ऑफ कॉर्टेझ किंवा कॅलिफोर्नियाचे आखात, शिडाच्या नौकेवर राहून पाहू इच्छिणाऱ्या वाचकांची पत्रे अलीकडे वारंवार येत आहेत. त्यांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी सॅन डिएगो येथे राहतो. आमची स्वतःची अडतीस फुटी शिडाची नौका आहे. नोकरीतून वर्षभराची रजा घेऊन नौकेवरच राहत मेक्सिकोचा किनारा पाहावा, असा विचार आहे. कधी निघावे आणि वर्षाची आखणी कशी करावी?

उत्तर : प्रथम नकाशा बाजूला ठेवावा आणि दिनदर्शिका उघडावी. पूर्व पॅसिफिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १५ मे ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. कोणते बंदर सुंदर आहे, यापेक्षा ते कोणत्या महिन्यात सुरक्षित आहे, हा प्रश्न येथे नेहमी आधी विचारावा लागतो. सॅन डिएगोहून निघण्याचा रूढ काळ ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पूर्वार्ध हा आहे. १९९४ पासून चालत आलेली ‘बहा हा-हा’ ही नौकांची सामुदायिक सफरही याच सुमारास निघते आणि बाहिया तोर्तुगास व बाहिया सांता मारिया येथे थांबे घेत, सुमारे ७५० सागरी मैलांवरील, द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाच्या काबो सान लुकासला पोहोचते. या मार्गावर वारा बहुधा वायव्येकडून म्हणजे पाठीमागून मिळतो, त्यामुळे पहिलीच लांब मजल करणाऱ्यांनाही ती जमून जाते. मात्र उतरताना साथ देणारा हाच वारा आणि ह्याच लाटा परतताना तोंडावर येतात. त्या परतीच्या प्रवासाला नाविकांनी ‘बहा बॅश’ असे नाव दिले आहे, आणि तो केलेल्यांना हे नाव मुळीच अतिशयोक्त वाटत नाही. एक वर्षाचीच रजा असेल तर परतीचा मार्ग निघण्यापूर्वीच ठरवावा. काही जण नौका सोनोरा राज्यातील सान कार्लोस येथे पाण्याबाहेर काढून ट्रकवरून अमेरिकेत नेतात, आणि खर्चाचा हिशेब मांडताना शरीराच्या झिजेचाही विचार केला, तर हा पर्याय वाटतो तितका महाग पडत नाही.

काबोला पोहोचलेले बहुतेक नवखे नाविक लगेच द्वीपकल्पाच्या आखाताकडील बाजूच्या ला पासला जाऊन डिसेंबरातच उत्तरेकडील बेटांकडे वळतात. आमच्या मते ही घाई टाळावी. हिवाळ्यात अमेरिकेच्या अंतर्भागातील पठारांवर उच्च दाब निर्माण झाला, की थंड हवा दक्षिणेकडे वाहू लागते आणि दोन्ही बाजूंच्या डोंगररांगांमध्ये कोंडलेल्या लांबट सी ऑफ कॉर्टेझवरून जोराने धावते. हे उत्तरेचे वारे सलग दोन-तीन दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ टिकतात, आणि त्यांनी उठवलेल्या लाटा उंचीपेक्षा आखूडपणामुळे त्रासदायक ठरतात, कारण एका लाटेतून नौका सावरते न सावरते तोच दुसरी आदळते. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर काढावेत. मासात्लान, बांदेरास उपसागरातील ला क्रूस, बार्रा दे नाविदाद आणि सिवातानेहो येथे या काळात हवा उबदार असते, वारे मवाळ असतात, आणि नौकेवर राहण्याची सवय अंगवळणी पडायला पुरेसा वेळ मिळतो. मार्चच्या मध्यानंतर मासात्लानहून साधारण दोन रात्रींचा प्रवास करून ला पास गाठावे आणि एप्रिल-मे हे दोन महिने एस्पिरितू सांतो, सान फ्रान्सिस्को, आग्वा वेर्दे, लोरेतो, कोरोनादोस आणि बाहिया कोन्सेप्सिओन या ओळीसाठी राखून ठेवावेत. लोरेतोच्या पाठीशी उभी असलेली सिएर्रा दे ला हिगांताची तांबूस भिंत पहाटे समुद्रावरून पाहण्यासाठी वर्षभराची रजा घेतली, असे कोणी म्हटले तर त्याला आम्ही वेड्यात काढणार नाही. सिवातानेहोच्याही पुढे वातुल्को किंवा चियापासपर्यंत जाण्याचा मोह मात्र एका वर्षाच्या बेतात आवरावा, कारण वाटेतील तेवान्तेपेकच्या आखातात मेक्सिकोच्या आखाताकडून खिंडीवाटे घुसणारा वारा बघता बघता वादळी रूप घेतो.

जून उजाडण्यापूर्वी दोनपैकी एक निर्णय घ्यावा लागतो. वाय्मास, सान कार्लोस किंवा पुएर्तो पेन्यास्को येथे नौका जमिनीवर काढून ठेवता येते, किंवा कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या उत्तर भागात, बाहिया दे लोस आंहेलेसजवळील पुएर्तो दोन हुआनसारख्या सर्व बाजूंनी वेढलेल्या खाडीच्या आसऱ्याने उन्हाळा काढता येतो. दुसरा पर्याय ऐकायला आकर्षक असला, तरी पारा चाळिशीला टेकलेला, पाणीही कोमट, अशा स्थितीत तो फार थोड्यांना मानवतो. उन्हाळ्यात ला पासलाच धक्क्याला बांधून राहू, असे म्हणणाऱ्यांनी सप्टेंबर २०१४ मधील ओदिल हे चक्रीवादळ आठवावे. ते तिसऱ्या श्रेणीच्या तीव्रतेने काबोजवळ किनाऱ्यावर आदळले आणि ला पासच्या उपसागरातील अनेक नौका त्याने किनाऱ्यावर फेकल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये अकापुल्कोवर आलेले ओतिस तर साध्या वादळापासून पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीपर्यंत सुमारे एका दिवसात वाढले, त्यामुळे अंदाज पाहून ऐन वेळी पळ काढू, हा हिशेबही भरवशाचा राहिलेला नाही. तुमच्या विम्याच्या करारात वादळांच्या महिन्यांत नौका कोणत्या अक्षांशाच्या उत्तरेस असावी, याची अट बहुधा असेल. ती ओळ निघण्यापूर्वी वाचून ठेवावी.

प्रश्न : आतापर्यंत आम्ही मरीनातच, म्हणजे धक्क्यालाच, नौका बांधत आलो आहोत. रोज रात्री नांगरावर झोपणे कितपत सुरक्षित आहे?

उत्तर : नांगर चांगला असेल आणि साखळी पुरेशी सोडली असेल, तर मरीनापेक्षाही चांगली झोप लागते. पाण्याची खोली, भरतीची वाढ आणि नौकेच्या नाळेची (पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची यांची बेरीज करून तिच्या किमान पाचपट साखळी सोडावी, आणि वाऱ्याची शक्यता असेल तर सातपट. नांगर टाकल्यावर इंजिन उलटे चालवून तो वाळूत रुतला आहे, याची खात्री केल्याशिवाय डिंगी (किनाऱ्यावर ये-जा करण्याची छोटी होडी) खाली उतरवू नये.

मात्र प्रत्येक जागेचा स्वभाव वेगळा असतो. ला पासच्या परिसरात वसंताच्या उत्तरार्धापासून उन्हाळाभर ‘कोरोमुएल’ नावाचा वारा संध्याकाळी सुटतो आणि सकाळपर्यंत दक्षिण-नैऋत्येकडून वाहतो. एस्पिरितू सांतोच्या पश्चिमेकडील देखण्या खाड्या नेमक्या त्याच बाजूला उघड्या आहेत, त्यामुळे दुपारी तळ्यासारख्या भासलेल्या जागी मध्यरात्री नौका हेलकावे खाऊ लागते. वारा ज्या दिशेने येणार असेल तिकडे जमिनीची आड असलेली खाडी निवडावी, मग ती दिसायला थोडी उणी असली तरी चालेल. ला पासच्या शहरासमोरील प्रवाहात आणखी एक गंमत आहे. तेथे भरती-ओहोटीचा ओघ आणि वारा यांची ओढाताण चालते, आणि खोल कण्याच्या नौका ओघाचे, तर उथळ नौका वाऱ्याचे ऐकतात. परिणामी शेजारच्या दोन नौका परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून फिरतात. नाविक याला ‘ला पास वॉल्ट्झ’ म्हणतात. तेथे नेहमीपेक्षा अधिक अंतर राखून नांगर टाकावा.

प्रश्न : मी भारतीय पारपत्रधारक असून माझ्याकडे वैध अमेरिकी व्हिसा आहे. नौका मात्र गेल्याच वर्षी जुनी विकत घेतली. कोणती कागदपत्रे लागतील?

उत्तर : माणसाची परवानगी आणि नौकेची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीय नागरिकास पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. जास्तीत जास्त १८० दिवस राहता येते, पण प्रत्यक्षात किती दिवस द्यायचे हे स्थलांतर अधिकारी ठरवतो, म्हणून शिक्क्यावरील किंवा अर्जावरील आकडा तेथेच पाहून घ्यावा. समुद्रमार्गे येत असल्याचे सांगून निघण्यापूर्वी मेक्सिकोच्या वाणिज्य दूतावासाकडून खात्री करून घेणे शहाणपणाचे ठरेल. सलग वर्षभर राहायचे असल्यास तात्पुरत्या रहिवासाचा व्हिसा त्याच दूतावासातून आधी मिळवावा लागतो.

नौकेसाठी तात्पुरता आयात परवाना लागतो. तो बान्हेर्सितो या बँकेमार्फत मिळतो आणि त्याची मुदत दहा वर्षांची असते. जुन्या नौकेच्या बाबतीत खरी अडचण येथेच उद्भवते. आधीच्या मालकाने मेक्सिकोत नेताना काढलेला परवाना रद्द केलेला नसेल, तर त्याच नौकेला नवा परवाना मिळत नाही. नौकेच्या सांगाड्यावरील क्रमांक देऊन ही चौकशी घरी असतानाच करावी. प्रवेशासाठी एन्सेनादा हे बंदर सोयीचे आहे, कारण तेथे स्थलांतर, सीमाशुल्क आणि बंदर कप्तान ही कार्यालये एकाच इमारतीत आहेत. बंदर कप्तानांची कार्यालये २०२१ पासून मेक्सिकोच्या नौदलाकडे आहेत, त्यामुळे गणवेशातील अधिकारी तपासणीसाठी नौकेवर आले तर घाबरून जाण्याचे कारण नाही. कागद एका फाइलमध्ये, प्रतींसह ठेवावेत. बंदूक अथवा काडतुसे नौकेवर चुकूनही असू नयेत, कारण त्याबद्दलची शिक्षा तुरुंगवासाची आहे.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. मासळीच्या या किनाऱ्यावर आमचा निभाव लागेल का? पिण्याच्या पाण्याचे काय?

उत्तर : निभाव उत्तम लागतो, पण बाहेर जेवताना काही प्रश्न न लाजता विचारावे लागतात. फ्रिहोलेस, म्हणजे शिजवून घोटलेला घेवडा, अनेक ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात आणि तिला तेथे ‘मान्तेका’ म्हणतात. उत्तरेकडील गव्हाच्या तोर्तियांतही (पातळ पोळ्यांतही) ती असू शकते. तांबूस भात कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असण्याचा संभव मोठा असतो. मक्याच्या तोर्तियांत मात्र मका, चुना आणि पाणी एवढेच असते, आणि तोर्तियेरियातून, म्हणजे तोर्तियांच्या दुकानातून, गरम गरम, वजनावर घेतलेल्या मक्याच्या तोर्तिया हा नौकेवरील जेवणाचा भक्कम आधार आहे. नोपाल निवडुंग, कोवळे भोपळे, आवोकादो, लिंबे, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या आणि ताजे चीज बाजारात सहज मिळते. हरभरा तर सिनालोआ आणि सोनोरा या राज्यांचे प्रसिद्ध पीक आहे, त्यामुळे डाळी-कडधान्यांची कोठारे भरून न्यावी लागत नाहीत. आग्वा वेर्दे या चिमुकल्या गावात शेळीच्या दुधाचे चीज मिळते. ते चुकवू नये.

भाजीपाला जंतुनाशक थेंब घातलेल्या पाण्यात भिजवून मगच आत घ्यावा. पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच टाकून द्यावीत, नाही तर झुरळांची अंडी त्यांच्या घड्यांतून नौकेवर येतात आणि मग वर्षभर त्यांचे सहप्रवासी व्हावे लागते.

गावांमध्ये शुद्ध पाणी विकणारी दुकाने असतात. तेथून सुमारे वीस लिटरची पिंपे भरून आणता येतात. दोघांच्या स्वयंपाकापाण्याला ती पुरतात, पण डिंगीतून वाहून वर चढवताना कंबर बोलते. बेटांवर आठवडेच्या आठवडे राहायचे असल्यास समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी काढणारा वॉटरमेकर घ्यावा. तेल तरंगणाऱ्या बंदरात तो चालवू नये, आणि क्लोरिन असलेल्या नळाच्या पाण्याने त्याचे गाळणीचे पटल धुऊ नये. कोरड्या बेटांवर मधमाश्या गोड्या पाण्याच्या वासाने थव्यांनी नौकेवर येतात. गळका नळ, ओला टॉवेल, भांड्यांवरचे पाणी, काहीही त्यांना पुरते. त्यांना मारत बसण्यापेक्षा नौका कोरडी ठेवावी आणि जाळ्या लावाव्यात.

प्रश्न : भाषा येत नाही, ओळखीचे कोणी नाही. इतके महिने एकटेपणा जाणवणार नाही का?

उत्तर : पहिल्या पंधरवड्यात जाणवेल, नंतर उलट एकांत शोधावा लागेल. मोठ्या बंदरांत नाविकांची सकाळची रेडिओ सभा भरते. ला पासमध्ये ती आठ वाजता नौकेवरील व्हीएचएफ रेडिओच्या २२ क्रमांकाच्या वाहिनीवर असते. हवामान, आल्या-गेलेल्या नौका, डॉक्टरांची माहिती आणि सुट्या भागांची देवघेव असे सारे त्यात चालते. आयात परवान्यावर आणलेल्या वस्तू विकण्यास मनाई असल्याने तेथे किमती ‘नारळां’त सांगण्याची थट्टेखोर प्रथा आहे. संकटात मात्र १६ क्रमांकाची वाहिनी आणि किनाऱ्यावर दूरध्वनीवरून ९११ हे लक्षात असावे.

परंतु केवळ नाविकांच्याच घोळक्यात वर्ष काढणे म्हणजे मेक्सिको न पाहता परतणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. थोडी स्पॅनिश शिकून निघावे. दुकानात शिरताना आधी ‘बुएनोस दियास’ (सुप्रभात) म्हणावे आणि मगच काम सांगावे, कारण थेट मागणी करणे तेथे उद्धटपणाचे मानतात. लहान गावांत कार्ड चालत नाही, तेव्हा पेसोंच्या लहान नोटा जवळ असाव्यात. कचरा गावात उतरवू नये. तेथे तो बहुधा उघड्यावर जाळला जातो, म्हणून तो सुकवून, दाबून पुढच्या शहरापर्यंत न्यावा. कॅलिफोर्नियाच्या आखातातील बेटे २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांवर उतरण्यास संरक्षित क्षेत्रांच्या आयोगाची परवानगी लागते, आणि पाळीव प्राण्यांना तेथे नेऊ नये.

प्रश्न : पाण्यात उतरून शेवंड आणि शिंपले स्वतः पकडता येतात का?

उत्तर : नाही. शेवंड, कोळंबी, शिंपले ही मासेमारी स्थानिक सहकारी संस्थांसाठी राखीव आहे. मासे पकडायचे असल्यास परवाना लागतो, तोही गळ नौकेवर असेल तर नौकेवरील प्रत्येकाचा. भाला वापरायचा तर श्वास रोखून बुडी मारूनच, टाकी पाठीवर घेऊन नव्हे. बहाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील संस्थांच्या शेवंड-मासेमारीला २००४ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या संस्थेचे शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र मिळाले आहे, तेव्हा हंगामात त्यांच्या पांग्यावरूनच (मासेमारीच्या उघड्या होडीवरूनच), रोख पेसो देऊन ती विकत घ्यावी.