ड्युटी संपली, तरी मन वॉर्डातच

“देव सर्वसमर्थ आहे, मग माझ्या धावपळीला काय किंमत? आणि सगळं माझ्या धावपळीवरच असेल, तर मी झोपू कशी?”

नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती नर्सचा, सिस्टरांचा, हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आयसीयूत त्यांच्या रात्रपाळीत एक आजोबा दगावले. फाइल तपासली गेली, कुठेही हयगय नव्हती. तरी तेव्हापासून त्या घरून वॉर्डात फोन करत राहायच्या. सलाईन बदललं का? बीपी किती? चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणाल्या, “देवावर सोपव.” त्यावर त्या चिडल्या, आणि मला ते चिडणं रास्त वाटलं. काय सोपवायचं नि काय नाही, हे कोणी सांगतच नाही.

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत मी फक्त झोप आणि जेवण विचारलं. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला बोध केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं आणि पुन्हा खायला उठवलं. आमच्या पेशातल्या लोकांनी हा अध्याय अधूनमधून वाचावा.

नंतर मी त्यांना अँब्रोस पारेबद्दल सांगितलं. सोळाव्या शतकातला हा फ्रेंच शल्यचिकित्सक. बंदुकीच्या जखमेत विष असतं, असं तेव्हा मानत आणि तीत उकळतं तेल ओतत. एका मोहिमेत त्याच्याकडचं तेल संपलं. नाइलाजाने त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचं मिश्रण लावलं. माणसं मरतील या धास्तीने त्याला रात्रभर झोप लागली नाही. पहाटे जाऊन पाहतो, तर मिश्रण लावलेल्यांना बऱ्यापैकी झोप लागलेली, आणि तेलवाले तापाने, वेदनांनी तळमळताहेत. त्याने तेलाची पद्धत सोडली. मी मलमपट्टी केली, देवाने बरं केलं, हे त्याचं पुढे प्रसिद्ध झालेलं म्हणणं. बरं करणारा देव, असं मानणारा हा माणूस पहाटे उठून जखमा बघत होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या पद्धतीत खोट आहे, हे त्याला मान्य करता आलं.

मग आम्ही त्या रात्रीचं काम कागदावर उतरवलं. औषधांच्या वेळा, डॉक्टरांना केलेला फोन, नोंदी.

“याचा जाब तुम्हाला विचारता येईल,” मी म्हटलं. “आता हृदय पुन्हा चालू होणं या यादीत कुठे लिहू?”

त्या बराच वेळ कागद बघत राहिल्या. “नाही बसत, सर.”

प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात हेच लिहिलं होतं: मी लावलं, अपुल्लोसाने (त्याच्या सहकाऱ्याने) पाणी घातलं, पण वाढवलं देवाने. यात लावणं आणि पाणी घालणं वगळलेलं नाही. आणि पाणी घालणारा दुसराच आहे, हेही बघा. पुढच्या पाळीला हँडओव्हर घेणारी सिस्टर म्हणजे तुमचा अपुल्लोस, असं मी म्हटल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

आता ठरल्या वेळी एकच फोन, तोही दिवसाआड. झोप मात्र अजून नीट नाही, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं ठरलंय. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी, असं त्यांच्या आईला वाटतं. पुढच्या भेटीला आईलाही बोलावलंय.