पिंपापासून पंपापर्यंत : इंधनाच्या आकड्यांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकानंतर आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न येथे घेतले आहेत. वेगळे वर्ष सांगितले नसेल तिथे आकडे २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे आणि किरकोळ दर एप्रिल २०२५ चे समजावेत.

प्रश्न : २०१३-१४ मध्ये कच्चे तेल पिंपाला १०५ डॉलर होते, तेव्हा दिल्लीत पेट्रोल ७२ रुपयांना मिळायचे. २०२४-२५ मध्ये तेल ७८ डॉलरवर आले आणि पेट्रोल मात्र ९४ रुपयांच्या वर. हा सगळा फरक कराचाच का? (वाचक, सातारा)

बराचसा कराचा आहे, पण सगळा नाही. डॉलर आणि पिंप या दोन्ही गोष्टी आधी बाजूला काढा आणि हिशेब रुपये-लिटरमध्ये आणा. एका पिंपात १५८.९८७ लिटर तेल मावते. घरगुती हिशेबाला १५९ धरा. पिंपाचा डॉलरमधला भाव गुणिले डॉलरचा दर, भागिले १५९.

२०१३-१४ मध्ये भारतीय बास्केटची, म्हणजे आपण घेतो त्या कच्च्या तेलांच्या मिश्र भावाची, सरासरी १०५.५ डॉलर होती आणि डॉलर साधारण साडेसाठ रुपये. उत्तर येते लिटरला ४० रुपये. २०२४-२५ मध्ये सरासरी ७८.५ डॉलर आणि डॉलर साडेचौऱ्याऐंशी रुपयांच्या आसपास. उत्तर ४२ रुपयांच्या जरा खाली. म्हणजे डॉलरमध्ये तेल चतुर्थांशाने उतरले, पण रुपयात ते जिथे होते तिथेच राहिले. ‘तेल स्वस्त झाले तरी’ अशी सुरुवात करणारे बहुतेक संदेश इथेच फसतात.

आता पंपावरचा भाव उलगडू. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत पेट्रोल ९४ रुपये ७७ पैसे होते. त्यात पंपचालकाला ज्या भावाने माल मिळतो तो, कर सोडून, सुमारे ५३ रुपये. केंद्राचे उत्पादन शुल्क २१.९०. पंपचालकाचे कमिशन सुमारे ४.४०. आणि या तिन्हींच्या बेरजेवर दिल्लीचा १९.४ टक्के व्हॅट, म्हणजे सुमारे १५.४०. एप्रिल २०१४ मध्ये तिथलाच भाव ७२.२६ होता, त्यात उत्पादन शुल्क ९.४८ आणि २० टक्क्यांनी व्हॅट १२ रुपयांच्या घरात. दोन्ही भावांतला फरक साडेबावीस रुपयांचा. त्यातले जवळजवळ साडेबारा रुपये उत्पादन शुल्काचे, साडेतीनच्या आसपास व्हॅटचे, दोन-अडीच कमिशनचे. उरलेले चारेक रुपये शुद्धीकरण, वाहतूक आणि तेल कंपनीच्या वाट्यात जातात.

या उरलेल्या चार रुपयांकडे जरा संशयाने पाहायला हवे. १६ जून २०१७ पासून दर रोज बदलतात असे कागदावर आहे. प्रत्यक्षात ६ एप्रिल २०२२ नंतर ते जवळपास गोठलेलेच होते. मे २०२२ मध्ये उत्पादन शुल्क पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपयांनी कमी झाले तेव्हा आणि मार्च २०२४ मध्ये २ रुपये उतरवले तेव्हा, एवढेच मोठे बदल. २०२२ मध्ये महाग तेल घेऊन कंपन्यांनी तोटा सोसला, पुढे तेल उतरल्यावर तो भरून काढला. एप्रिल २०२५ मध्ये तेल ७० डॉलरच्या खाली आले, तेव्हा उत्पादन शुल्क २ रुपयांनी वाढवले गेले आणि पंपावरचा आकडा हललाच नाही. दर बाजाराशी जोडलेले असते तर तसे झाले नसते.

मुंबईचा भाव दिल्लीपेक्षा आठ-नऊ रुपयांनी जास्त दिसतो तो राज्याच्या करामुळे. जुलै २०२४ पासून मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आहे आणि शिवाय लिटरमागे ५.१२ रुपये. टक्क्यांतला कर मूळ भाव आणि उत्पादन शुल्क या दोन्हींवर बसतो, म्हणून केंद्राने एक रुपया वाढवला की राज्याच्या तिजोरीतही आपोआप चार आणे पडतात. याउलट २१.९० मधला राज्यांना वाटून मिळणारा भाग फक्त मूळ उत्पादन शुल्काचा, म्हणजे १.४० रुपये. बाकी अधिभार आणि उपकर केंद्राकडेच राहतात.

प्रश्न : देशात डिझेल ९ कोटी टन आणि पेट्रोल ४ कोटी टन खपते असे वाचले. म्हणजे डिझेल पेट्रोलच्या सव्वादोन पट का? दर महिन्याला ‘खप घटला’, ‘खप वाढला’ अशा बातम्या येतात, त्यांवर किती विसंबावे? (वाचक, नाशिक)

वजनात सव्वादोन पट, लिटरमध्ये नाही. पेट्रोल हलके असते. सरकारी आकडेवारीत एका टनाला पेट्रोलचे १,४११ लिटर आणि डिझेलचे १,२१० लिटर धरतात. सुमारे ४ कोटी टन पेट्रोल म्हणजे ५,६४० कोटी लिटर, ९.१४ कोटी टन डिझेल म्हणजे ११,०६० कोटी लिटर. गुणोत्तर दोनच्या किंचित खाली येते. कच्च्या तेलासाठी टनाला ७.३३ पिंपे हा सरासरी आकडा वापरतात.

महिन्याच्या बातम्यांचे तीन सापळे आहेत. महिन्याच्या १६ तारखेच्या सुमारास येणारे पंधरवड्याचे आकडे फक्त तीन सरकारी कंपन्यांच्या विक्रीचे असतात. बाजाराचा सुमारे नऊ-दशांश भाग त्यांच्याकडे आहे, पण खासगी पंपांनी दर कमी-जास्त केले की गिऱ्हाईक इकडचे तिकडे सरकते आणि सरकारी विक्रीतली घट देशाच्या खपातली घट म्हणून छापली जाते. पूर्ण आकडे पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन व विश्लेषण कक्ष, म्हणजे पीपीएसी, पुढच्या महिन्यात देतो. तेही तात्पुरते असतात आणि नंतर सुधारले जातात.

दुसरे, मागच्या महिन्याशी तुलना करूच नका. जुलै ते सप्टेंबर पावसामुळे शेतीचे पंप बंद, बांधकाम थंड आणि ट्रक कमी, त्यामुळे डिझेल दरवर्षीच उतरते. त्याच महिन्याची मागच्या वर्षाशी तुलना करा आणि तीही रोजच्या सरासरीवर. २०२४ चा फेब्रुवारी २९ दिवसांचा होता. २०२५ च्या फेब्रुवारीचा आकडा त्याच्याशी सरळ ताडला तर साडेतीन टक्क्यांची घट नुसत्या कॅलेंडरमधून निघते. तिसरे, दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. ते दोन महिने मिळूनच वाचावेत.

प्रश्न : गोव्यात दरडोई पेट्रोलचा खप महाराष्ट्रापेक्षा एवढा जास्त कसा? तिथले लोक इतकी गाडी चालवतात? (वाचक, सावंतवाडी)

राज्यवार आकडा ‘कुठे जळले’ हे सांगत नाही, ‘कुठे विकले गेले’ हे सांगतो. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा लिटरला काही रुपयांनी स्वस्त आहे. बांदा-पत्रादेवी ओलांडून टाकी भरून येणाऱ्या गाड्यांचे पेट्रोल गोव्याच्या खात्यावर पडते, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. त्यात पर्यटकांच्या भाड्याच्या दुचाक्या आहेत आणि भागाकार मात्र फक्त तिथल्या लोकसंख्येने होतो. दूर पल्ल्याच्या ट्रकांचेही असेच. टाकी मोठी असल्याने चालक स्वस्त राज्यात डिझेल भरून घेतो आणि महाग राज्यातून न थांबता जातो. सीमेवरच्या जिल्ह्यांचे दरडोई आकडे म्हणूनच वापराचे माप म्हणून धरू नयेत.

प्रश्न : आपण ८८ टक्के तेल आयात करतो म्हणतात आणि त्याच वेळी पेट्रोल-डिझेल निर्यातही करतो. मग हा ८८ आकडा खरा कसा? मुंबई हायचे काय झाले? (वाचक, उरण)

आकडा खरा आहे, फक्त तो आयातीला खपाने भागून काढलेला नाही. तसे भागले तर २४.३ कोटी टन कच्चे तेल भागिले २३.९ कोटी टन खप म्हणजे शंभरच्या वर टक्के येतील, कारण आणलेल्या तेलातून शुद्ध करून सुमारे साडेसहा कोटी टन माल बाहेर जातो. म्हणून उलट बाजूने मोजतात. देशातल्या तेलापासून बनलेला माल किती, तो खपाच्या किती टक्के, आणि शंभरातून तो वजा. देशाचे उत्पादन २.८७ कोटी टन आहे, ते २३.९ ने भागले की १२ टक्के. उरले ८८.

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात १९७४ साली तेल लागले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९८९ च्या सुमारास शिखर गाठले. त्यानंतर जे झाले ते कोणत्याही जुन्या क्षेत्रात होते : खडकातला दाब उतरतो, विहिरीतून तेलाबरोबर पाणी अधिक येऊ लागते. पाणी आणि वायू आत ढकलून उतार मंद करता येतो, उलटा फिरवता येत नाही. तरीही देशाच्या तेलात त्याचा वाटा आजही मोठा आहे. आयातीची टक्केवारी वाढली त्यात या उताराचा हात आहेच, पण छेद, म्हणजे खप, वाढला हे मोठे कारण.

प्रश्न : देशाची निम्मी वीजक्षमता जून २०२५ अखेर बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल आणि वायू सोडून इतर स्रोतांची, झाली असे जाहीर झाले. मग आमच्याकडे कोळशाच्या मालगाड्या कमी का होत नाहीत? आणि ‘अमुक दिवसांचा साठा’ म्हणजे नेमके काय? (वाचक, चंद्रपूर)

क्षमता मेगावॉटमध्ये असते, वीज युनिटमध्ये. १०० मेगावॉटचा सौर प्रकल्प रात्र, ढग आणि सकाळ-संध्याकाळचे तिरके ऊन धरून वर्षभरात साधारण २० टक्के क्षमतेने चालतो. १०० मेगावॉट म्हणजे १ लाख किलोवॉट, गुणिले ८,७६० तास, गुणिले ०.२ : साडेसतरा कोटी युनिट. तेवढ्याच क्षमतेचा औष्णिक संच ७० टक्क्यांनी चालला तर एकसष्ट कोटी. त्यामुळे क्षमतेत निम्मा वाटा असूनही देशातली सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशावरच होते. कोळशाचे उत्पादन २०२४-२५ मध्ये १०४ कोटी टनांवर गेले, पहिल्यांदाच शंभर कोटींच्या पुढे.

मालगाड्यांचा हिशेब असा. एका युनिटला सुमारे २,४०० किलोकॅलरी उष्णता लागते. आपल्याकडच्या वीजकेंद्रांच्या कोळशातून किलोला ३,६०० किलोकॅलरी मिळाल्या असे धरले तर युनिटमागे ६७० ग्रॅम कोळसा. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर तासाला ३३५ टन, दिवसाला आठ हजार टन. एका मालगाडीत चार हजार टनांच्या आत-बाहेर कोळसा येतो. म्हणजे एका संचाला रोज दोन गाड्या.

आता साठा. तो टनांत सांगितला तर केंद्रांची तुलना होत नाही, म्हणून दिवसांत सांगतात. दिवस मोजताना केंद्र ८५ टक्के भाराने चालेल असे धरलेले असते. खाणीच्या तोंडाशी असलेल्या केंद्राने महिन्यानुसार १२ ते १७ दिवसांचा आणि लांबच्या केंद्राने २० ते २६ दिवसांचा साठा ठेवायचा असतो. या नेमून दिलेल्या साठ्याच्या चतुर्थांशाखाली गेले की केंद्र ‘चिंताजनक’ यादीत येते.

मात्र आवारातला ढीग म्हणजे सगळा जाळण्याजोगा कोळसा नव्हे. तळाशी माती मिसळलेली असते. जास्त दिवस पडलेला कोळसा आतून तापतो, धुमसतो आणि त्याची उष्णता घटते. पावसात बारीक कोळसा ओला होऊन बंकरच्या, म्हणजे साठवण टाकीच्या, उतारावर चिकटून बसतो आणि कोळसा दळणाऱ्या गिरणीपर्यंत पोहोचत नाही. ऑगस्टमध्ये कागदावर दहा दिवसांचा साठा असताना संचाचा भार उतरवावा लागतो तो यामुळे.

प्रश्न : ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने मायलेज किती घटते? (वाचक, कोल्हापूर)

लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते : २१ मेगाज्यूल विरुद्ध ३२. मिश्रणाचा गुणाकार केला तर ई-२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के आणि ई-१० पेक्षा साडेतीन टक्के ऊर्जा कमी. इंजिन ई-२० साठी जुळवलेले असेल तर इथेनॉलच्या जास्त ऑक्टेनचा फायदा घेऊन यातला काही भाग भरून निघतो. जुन्या गाडीत निघत नाही. मायलेज निम्मे झाले असे वाटत असेल तर दोष इंधनाच्या बाहेर शोधा. आधी टायरची हवा, एअर फिल्टर आणि क्लच पाहा. आणि इथेनॉलचे आकडे वाचताना लक्षात असू द्या की त्यांचे वर्ष नोव्हेंबर ते ऑक्टोबर चालते. २०२३-२४ चे १४.६ टक्के मिश्रण आर्थिक वर्षाच्या पेट्रोल-खपाशी जुळवायला गेलात तर उत्तर चुकेल.

प्रश्न : गॅस की इंडक्शन, स्वस्त काय? (वाचक, पुणे)

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये, किलोला १२.७ युनिट धरून, १८० युनिट उष्णता असते. चांगल्या शेगडीवर त्यातली ६५ टक्के भांड्यात जाते, म्हणजे ११७. इंडक्शन ८५ टक्के उष्णता भांड्याला देते, तेव्हा तेवढ्याच स्वयंपाकाला १३८ युनिट वीज लागेल. मुंबईतला एप्रिल २०२५ चा ८५२ रुपये ५० पैशांचा दर धरला तर बरोबरी ६ रुपये १८ पैशांवर होते. युनिट याहून स्वस्त पडत असेल तर इंडक्शन घ्या.

चूक होते ती विजेचा दर काढताना. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असे करू नका. इंडक्शनचे युनिट आधीच्या वापरावर चढतात, त्यामुळे त्यांना शेवटच्या टप्प्याचा दर लागतो. त्या टप्प्याचा वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन यांची बेरीज करा, त्यावर १६ टक्के वीज शुल्क चढवा. स्थिर आकार धरू नका, तो तसाही द्यावाच लागतो. महिन्याला ९० युनिट वापरणारे घर इंडक्शनमुळे शंभराचा टप्पा ओलांडते आणि पुढच्या युनिटचा दर एकदम वर जातो; छतावर सौर पॅनेल असून युनिट शिल्लक राहणाऱ्या घरात हेच गणित उलटे होते. शेगडीच्या बाजूनेही एक पाहा : ज्योत पातेल्याच्या कडेबाहेर येत असेल किंवा पिवळी जळत असेल तर ६५ टक्के धरू नका, ५० धरा. बर्नर साफ करून, ज्योत निळी करून मगच तुलना करा.