बाविसाव्या मुलीपासून सुरुवात कर

प्रिय पोरी,

तुझं खर्चाचं पान दोनदा वाचलं. परदेशी स्ट्रायकर घ्यावी की फिजिओ पूर्णवेळ ठेवावा, जर्सीचा कार्यक्रम हॉटेलात करावा की कूपरेजवर, मुलींना अंधेरीत ठेवावं की नेरूळला, सगळं एका दमात विचारलंयस आणि शेवटी लिहिलंयस, "ताई, काहीच सुचत नाहीये." तुला सगळंच एकदम सुचतंय, घोळ तिथे आहे. तू हुशार आहेस, मेहनती आहेस वगैरे मी लिहीत बसत नाही. ते नसतं तर तुमच्या क्लबचा मुलींचा पहिला व्यावसायिक फुटबॉल संघ उभा करायचं काम तुझ्याकडे आलंच नसतं.

तुझ्या यादीत अठरा नावं आहेत. त्याखाली, "उरलेल्या ट्रायल्समधून बघू." माझं भांडण या ओळीशी आहे.

पहिल्या हंगामात कुठलाही निर्णय घेताना एकच विचार: याने बाविसाव्या मुलीचं काय होणार? पहिल्या अकरा जणींचं कोणीतरी बघतंच. कोच बघतो, मालक बघतात, फोटोग्राफर बघतो. बाविसावीचं फक्त तू बघणार आहेस.

बावीसच का, तर सरावात अकरा विरुद्ध अकरा खेळायला बावीस जणी लागतात. इतकं साधं आहे. अठरा जणींच्या संघात कुठल्याही मंगळवारी दोघींचे घोटे सुजलेले, एकीची परीक्षा, एकीला ताप. राहिल्या चौदा. मग अर्ध्या मैदानावर सात-सात खेळायचं. त्याने पासिंग सुधारतं, दम वाढतो. पण बचावफळीने एकत्र पुढे कधी चढायचं, तिच्यात आणि मिडफिल्डमध्ये किती अंतर ठेवायचं, उजवीकडून क्रॉस येताना डाव्या बॅकने कुठे उभं राहायचं, कॉर्नर बाहेर काढल्यावर पुढे पडणारा बॉल कोणी घ्यायचा, यातलं काहीही सात-सातमध्ये येत नाही. नवा संघ गोल खातो तो नेमका इथेच. मणिपूरची सेंटर बॅक, हरियाणाची डिफेन्सिव्ह मिड आणि कोल्हापूरची गोलकीपर एकमेकींशी कधी खेळलेल्या नसतात, आणि बॉल डोक्यावरून जाताना तिघी तीन भाषांत ओरडतात. (हाकांचं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाक. "मॅन ऑन", "टर्न", "टाइम", "अवे", "आउट". पाच पुरेत, आणि सरावातही त्याच वापरायच्या.)

बावीस जणी तंदुरुस्त हव्या असतील तर संघ पंचवीसचा कर. तीन गोलकीपर, आठ बचावात, आठ मधल्या फळीत, सहा पुढे. तिसरी गोलकीपर चैन वाटेल, पण अकरा-अकराला दोन्ही टोकांना गोलकीपर लागते आणि एकीचं बोट मुरगळलं की तुझा कोच गोलमध्ये उभा राहतो. मग शिकवणार कोण? बचावातल्या आठांत निदान दोघी डाव्या पायाच्या बघ. त्या मिळत नाहीत, म्हणून लवकर शोध. परदेशी स्ट्रायकर? एवढं करून पैसे उरले तर जरूर.

मुंबईला हे आकड्यांचं शहाणपण वेगळं सांगायला नको. 23 जानेवारी 2022 ला नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर महिलांच्या आशियाई चषकात भारत-चायनीज तैपेई सामना होता. कोविडमुळे आपल्या तेरा जणीसुद्धा उभ्या राहू शकल्या नाहीत. नियमाप्रमाणे निदान तेरा हव्या होत्या. सामना झालाच नाही आणि यजमान असून आपण स्पर्धेतून बाहेर. तो साथीचा घाला होता, तिथे कोणाची चूक काढत नाही. पण आकडा कमी पडला की पुढे काहीच चालत नाही, हे इथल्या प्रत्येक बोर्ड मेंबरने पाहिलंय. मीटिंगमध्ये आठवण करून दे.

आता पैसे. 2023 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने ठरवलं की आयडब्ल्यूएलच्या, म्हणजे इंडियन वुमेन्स लीगच्या, क्लबांनी निदान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान 3.2 लाख द्यायचे. चांगलं पाऊल. महिन्याला साधारण साडेसव्वीस हजार होतात. पण नियम दहाव्या मुलीवर थांबतो. अकरावीपासून पुढे जे काही करशील ते तुझं. तुझ्या पानावर शेवटच्या सात जणींपुढे फक्त "प्रवासखर्च" लिहिलंय. फुटबॉलच्या नियमांत लेखी करार आणि खर्चापेक्षा जास्त मोबदला असेल तरच खेळाडू व्यावसायिक ठरते. म्हणजे तुझ्या अठरा जणींतल्या अकराच व्यावसायिक आहेत. वरच्या तिघींचे आकडे थोडे खाली आण आणि खालच्या सातजणींना महिना ठरवून दे. एजंट कुरकुरेल. कुरकुरू दे.

कराराची मुदत बारा महिने. पाच नको, सहा नको. 2017 मध्ये पहिली आयडब्ल्यूएल झाली तेव्हा शेवटचा टप्पा दिल्लीत एकाच मैदानावर तीनेक आठवड्यांत संपला, तेव्हा छोटे करार चालून गेले. 2023-24 मध्ये लीग होम-अवे झाली, म्हणजे एकदा आपल्या मैदानावर, एकदा समोरच्यांच्या, तरी कागद जुन्याच साच्यातले. त्याने काय होतं बघ. फेब्रुवारीत मुलीचं एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, तुटलं. ऑपरेशननंतर निदान नऊ महिने मैदानावर उतरवू नये, हे आता कुठलाही बरा सर्जन सांगतो. म्हणजे नोव्हेंबर उजाडणार. आणि तुझा करार मे महिन्यात संपतोय. सहा महिन्यांची फिजिओथेरपी ती गावी जाऊन कोणाच्या पैशाने करणार? बहुतेक जणी करतच नाहीत. गुडघा सुजत राहतो, घरचे म्हणतात पुरे झालं, आणि एक खेळाडू संपते. म्हणून करारात स्पष्ट लिही: खेळताना दुखापत झाली तर ऑपरेशन, पुनर्वसन आणि पगार ती परत उभी राहीपर्यंत क्लबचा, मुदत संपली तरी. विम्याची पॉलिसी घेताना वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाच. बऱ्याच साध्या अपघात विम्यांत व्यावसायिक खेळातली दुखापत वगळलेली असते, आणि ते कळतं हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर.

करार मुलीला वाचता येईल त्या भाषेतही दे, आणि सहीआधी आठवडाभर घरी नेऊ दे. पगार सात तारखेला. फिफाच्या नियमात दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडू लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांनी करार मोडू शकते. आई होणाऱ्या खेळाडूला निदान चौदा आठवड्यांची पगारी रजा आहे. ही दोन्ही कलमं तूच करारात घाल. मुलींनी मागायची वाट बघू नकोस. त्या मागत नाहीत. आमच्या पिढीने "खेळायला मिळतंय ना" यावर भागवलं आणि तीच सवय पुढच्यांना लावून ठेवली, त्याचा मला आजही राग येतो.

गुडघ्याचा विषय निघालाच आहे तर सरावाच्या स्लॉटचं ऐक. तू दीड तासाचा स्लॉट धरलायस. आधीची टीम दहा मिनिटं उशिरा निघणार, हे मुंबईत गृहीत धर. मग कोच घाईत वॉर्मअप कापतो. फिफाचं इलेव्हन प्लस नावाचं वॉर्मअप वीस मिनिटांचं आहे, पंधरा व्यायाम: आठ मिनिटं हळू धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटची दोन मिनिटं वेगात धावणं. कापली जातात ती मधली दहा मिनिटं, आणि गुडघा वाचवतात तीच. स्लॉट वाढवून मिळाला तर उत्तम. नसेल मिळत तर पहिले दोन भाग टर्फच्या बाहेरच उरक. गोलपोस्ट लागत नाही, तोलाच्या व्यायामाला हातात धरायला बॉल आणि थोडी मोकळी जागा बस्स. जोड्या लाव. एक उडी मारून खाली येते, दुसरी समोरून फक्त गुडघा बघते. उतरताना गुडघा आत पडला की तिथल्या तिथे सांगायचं. बाविसावी मुलगी यात सगळ्यात महत्त्वाची, कारण ती कमी मिनिटं खेळते आणि एखाद्या रविवारी अचानक साठाव्या मिनिटाला पूर्ण वेगात उतरते.

फिजिओ प्रत्येक सरावाला हजर हवा. नुसता सामन्याला येणारा फिजिओ म्हणजे स्प्रे मारणारा माणूस.

बुटांचे दोन जोड. इथे सराव बहुतेक टर्फवर, वांद्र्याचं नेव्हिल डिसूझा असो की कूपरेज. त्यावर लांब, चपट्या स्टडचे (तळाच्या खुंटांचे) बूट घातले की स्टड रुततो, पाय अडकतो आणि शरीर वळतं. टर्फसाठी आखूड, गोल, जास्त स्टडचे. अंधेरीच्या अरीनासारख्या खऱ्या गवतावर तेच बूट घसरतात, म्हणून दुसरा जोड. सरावाचे कपडे तीन जोड, कारण जुलैत मुंबईत दोन दिवस काही वाळत नाही आणि ओले कपडे घालून मुली मांड्यांना पुरळ उठवून घेतात. शॉर्ट्स गडद रंगाच्या. इंग्लंडने 2023 च्या विश्वचषकाला पांढऱ्या सोडून निळ्या घेतल्या. डिझायनरला पांढऱ्या आवडतात, पण खेळायचं त्याला नाहीये.

हंगामाआधी सगळ्यांचं रक्त तपास. हिमोग्लोबिन बाराच्या खाली म्हणजे रक्तक्षय. दहावर असलेली मुलगी सत्तराव्या मिनिटाला चालायला लागते आणि कोच म्हणतो, हिचं मन लागत नाही. मन काय करणार, रक्तच नाही. नाश्त्याला नुसते पोहे पुरत नाहीत, बरोबर अंडी किंवा मोड आलेली उसळ दे, वर लिंबू. चहा जेवणाबरोबर नको, तासाभराने. ज्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तिला डॉक्टरकडे पाठव. अनेकदा ती कमी खात असते.

राहण्याचं सोपं उत्तर नाही. अंधेरीत भाडं चढं, नेरूळहून कूपरेजला हार्बरने सीएसएमटी आणि पुढे टॅक्सी. सोसायट्या "एकट्या मुलींचा ग्रुप" म्हटलं की नाक मुरडतात. म्हणून लीव्ह अँड लायसन्स क्लबच्या नावावर कर, अकरा महिन्यांचं, पोलिसांकडची भाडेकरू नोंदणी आधीच करून. सरावाच्या मैदानापासून एकच ट्रेन, बदल न करता, हा माझा निकष. ज्या मुंबईच्या मुली घरी राहणार त्यांतली एखादी विरारची, एखादी बदलापूरची असणार. संध्याकाळचा सराव नऊला संपला तर ती घरी कधी पोचते, काय जेवते, सकाळी कधी उठते, हे टाइमटेबल घेऊन बस आणि लिही. मग सरावाची वेळ ठरव.

बाहेरगावच्या सामन्यांची तिकिटं साठ दिवस आधी. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण तेवढ्यावर आलंय. उशीर झाला की आरएसी. एका साइड लोअरवर दोघी रात्रभर पाय मुडपून बसतात, आणि त्या दोघी कोण असतात ते तुला ठाऊक आहे. आरएसी आलीच तर पाळी लाव, कॅप्टनसकट.

बोर्ड तुला अमेरिकेची उदाहरणं देणार. दे म्हणावं. तिथल्या डब्ल्यूयूएसए या बायकांच्या व्यावसायिक लीगची पहिली मॅच 14 एप्रिल 2001 ला 34,148 लोकांसमोर झाली. पाच वर्षांसाठी ठेवलेले चार कोटी डॉलर पहिल्याच वर्षी संपले, आणि 2003 च्या विश्वचषकाला पाच दिवस असताना लीग बंद पडली. उलट 2022 मध्ये एनडब्ल्यूएसएल या तिथल्या पुढच्या लीगमध्ये दोन नवे संघ एकदम आले. लॉस एंजेलिसच्या एंजल सिटीने पहिल्याच घरच्या लीग सामन्याला 22,000 चं मैदान भरवलं आणि बारा संघांत आठवी आली. दुसऱ्या संघाकडे, सॅन डिएगो वेव्हकडे, ॲलेक्स मॉर्गन ही नावाजलेली स्ट्रायकर होती, तिने 15 गोल केले, हे मान्य. पण मागे नेओमी गिरमा नावाची नवखी डिफेंडर होती. त्या वर्षीची सर्वोत्तम नवोदित तीच आणि सर्वोत्तम डिफेंडरही तीच. संघ तिसरा आला. प्रेक्षक वाईट असं मी म्हणत नाहीये. लोक हवेतच. पण पहिल्या सामन्याला आलेला माणूस सहाव्याला येतो तो संघ नीट खेळला तर, आणि संघ नीट खेळतो तो अकरा-अकराचा सराव झाला तर. आलोच परत बाविसावर.

हो, मी एकच गोष्ट उगाळते, असं तुमच्या कमिटीतले लोक म्हणतात. "ताईंना फुटबॉल कमी आणि तिकिटं-अंडी जास्त कळतात." म्हणू दे. त्यांनी ज्याला फुटबॉल म्हटलं त्यात खेळाडू आठवड्याला नव्वद मिनिटंच जगते. उरलेला आठवडा कोणाच्या वहीत लिहायचा? मी लिहिला, आणि त्यावरून वाईटपणा घेतला. तुलाही घ्यावा लागेल. हट्ट वाटला तरी चालेल, पण "आधी टीम जिंकू दे, मग सोयी बघू" हे वाक्य कोणी बोललं की तिथेच थांबव. सोयी मागाहून येत नाहीत.

जर्सीचा कार्यक्रम कूपरेजवरच कर, सरावानंतर, पंचवीसजणी रांगेत. हॉटेलचे वाचलेले पैसे दुसऱ्या बुटांच्या जोडाकडे वळव.

सोमवारपर्यंत नवी यादी पाठव, पंचवीस नावांची, आणि प्रत्येक नावापुढे चार रकाने: महिन्याचा पगार, कराराची शेवटची तारीख, राहण्याची जागा, बुटाचा नंबर. विम्याची पॉलिसी सही करायच्या आधी मला स्कॅन करून धाड. डाव्या पायाची बॅक मिळत नसेल तर कोल्हापूरच्या ट्रायल्सना स्वतः जा, कोणाला पाठवू नकोस.

तुझी,
ताई